माया बापाले कैलासात काहून धाडता?

आई गेली त्या दिवशी मी पहिलं भांडण केलं ते फ्लेक्सवाल्याशी. नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडला, आमच्या घराच्या दोन दुकानं पलीकडे तो बसतो. भाच्यानं त्याला आईचा फोटो दिला, नाव दिलं, आणि तो फ्लेक्स घेऊन गेटाला बांधायलाही आला. वर आईचा हसरा फोटो, खाली गुलाबाची नक्षी, आणि नावाच्या आधी ठसठशीत 'कै.'. मी म्हटलं, हे काय आहे? तर म्हणतो, "मॅडम, मयतीच्या फ्लेक्सले तेच राहते ना. आपला साचाच तसा आहे." मेल्याला मी असं झापलं की त्याच्या हातातली सुतळी खाली पडली. आत आईचं प्रेत, रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न, आणि मी चपलासुद्धा न घालता फाटकात उभी राहून ओरडतेय, की बापा, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात 'कालकथित' लिहितात, ने हे आणि बदलून आण. माझी जाऊ मला मागून ओढत होती. "जाऊ दे ना वं, आजच्या दिवस तरी," म्हणत होती. आजच्या दिवस! आजच नाही तर मग कधी?

तिचाही दोष नाही म्हणा. त्या एका अक्षरापायी आईचं शेवटचं वर्ष कसं गेलं हे तिला कुठून माहीत असणार.

'कै.' म्हणजे कैलासवासी, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. माणूस मेला की कैलासाला गेला, शंकराच्या शेजारी जाऊन बसला. मी जन्मभर सरकारी कचेरीत टायपिंग केलं, माझ्या हातून हे 'कै.' कितीदा उमटलं असेल त्याला हिशोब नाही, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही. 'कालकथित' हा आमचा शब्द. पालीतून आलेला. ज्याचा काळ पूर्ण झाला तो. मेल्यानंतर माणूस कुठं गेला त्याचा पत्ता त्यात नसतो. आमच्या लोकांनी तो छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर उचलला आणि लग्नपत्रिकेपासून मयतीच्या पत्रकापर्यंत सगळीकडे लावला. परक्या माणसाला वाटेल, काय फरक पडतो, मेलेला मेला. आईला पडत होता.

आईचं माहेर उत्तर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीतलं. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि संध्याकाळी वस्तीतल्या मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा. मिलमधला कामगार, पण सगळी वस्ती त्याला मास्तरच म्हणायची. मिलच्या मुकादमालाही कागद वाचून घ्यायचा असला तर मास्तरकडे. मी त्याला पाहिलेलं नाही. छप्पन साली दीक्षेच्या महिन्यातच तो गेला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

तो महिना वस्तीवर विचित्रच आला होता. एकीकडे घराघरांत पांढरे कपडे शिवून राहिले होते, बाजारात पांढरं कापड मिळेनासं झालं होतं, आणि त्याच महिन्यात वस्तीतली चार नावाजलेली माणसं गेली. आखाड्याचे उस्ताद दीक्षा घेऊन घरी आले, जेवले, आडवे झाले ते उठलेच नाहीत. गायन पार्टीचा मुख्य गायक. त्याला मिलच्या कापसानं खोकला धरलेला. दीक्षेच्या दिवशी तो गर्दीत बेंबीच्या देठापासून गायला आणि त्या आठवड्यातच रक्त ओकत गेला. वस्तीची सुईण, तिच्या हातून निम्मी वस्ती जन्माला आलेली. ती दीक्षेहून चालत परत येताना तिच्या पायात खिळा घुसला आणि धनुर्वातानं तिचं अंग धनुष्यासारखं वाकलं. आई सांगायची, तिचं किंचाळणं चार घरं ओलांडून ऐकू यायचं. आणि चौथा माझा आजा. तो मात्र दीक्षेच्या आधी गेला. दीक्षेचा दसरा अगदी तोंडावर होता, आणि मुदतीच्या तापानं त्याला नेलं.

आता वस्तीतलं विहार नव्यानं बांधून झालं. समितीच्या डोक्यात आलं की दाराजवळ काळ्या ग्रॅनाइटचा एक शिलालेख बसवावा, दीक्षेच्या महिन्यात गेलेल्या वस्तीतल्या मान्यवरांचा. कल्पना चांगली होती, पण मान्यवर कोणाला म्हणायचं यावरच दोन बैठका गेल्या. जो तो उठून आपल्या आज्याचं नाव सांगे. एकाचा आजा तर त्या महिन्यात गेलाच नव्हता, पुढच्या उन्हाळ्यात आंबे खाऊन गेला, तरी त्याला घ्या म्हणत होते. शेवटी ह्या चार नावांवर सगळ्यांचं एकमत झालं आणि दगडावर कोरायच्या मजकुराचा फोटो माझ्या मोबाइलवर आला.

आईची नजर तेव्हा गेलीच होती म्हणा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण मागचा पडदाच खराब निघाला. तिला माणसांच्या सावल्या दिसत, अक्षर दिसत नसे. मी तिच्या खाटेवर बसून वाचायला लागले. कालकथित उस्ताद अमुक. कालकथित गायक तमुक. कालकथित सुईणबाई. आई प्रत्येक नावाला मान डोलवत होती. मग शेवटी, सगळ्यात खाली: कै. मास्तर.

आईची मान थांबली.

"काय वाचलं?"

"कै. लिहिलं आहे, आई."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ती उठून बसली, पाय खाली सोडले आणि चपला चाचपायला लागली. "मले वस्तीत घेऊन चाल," म्हणाली. "माया बापाले हे कैलासात काहून धाडून राहिले ते मले त्यायले इचाराचं आहे. जित्तेपनी देवळाच्या पायरीवर चढू नाई देलं, अन् मेल्यावर कैलासावर चढवता? वा रे वा!"

त्या दिवशी मी तिला कसंबसं थांबवलं. पण पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना तेच, औषध घेताना तेच. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं, पाय सुजायचे, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता जे आहे ते आहे. आईला ते न सांगताच कळलं होतं. ती म्हणायची, "मले काई नोको आता. माया बापाच्या नावापुढं आपला शब्द लागला, तं मी मोकळी." एवढंच तिचं मागणं होतं. डोळे मिटायच्या आत, दगडावर एक शब्द.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बैठक होती. मी तिला ऑटोत घालून वाडीहून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. समितीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीचे, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेन. माणूस वाईट नाही. उलट वस्तीत कोणाचं अडलं तर पहिले धावणारा तोच. पण नियम म्हणजे नियम, त्यात सुई शिरणार नाही. त्यांनी आईला पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, तुमचं दुःख मले समजते. पन तारीख म्हणजे तारीख. मास्तर दीक्षेच्या आधी गेले. दीक्षा नाई झाली त्याले बौद्ध कसं लिवाचं? उद्या कोनीबी उठन अन् आपल्या पनज्यालेबी कालकथित लिवा म्हनन."

आई म्हणाली, "दीक्षेच्या दोन वर्सं आधी माया बापानं घरातले देव काढले. मरीमायचा शेंदरी गोटा सोताच्या हातानं उचलून नदीत टाकला. साऱ्या वस्तीनं पाह्यलं. लोकं आमच्या घरचं पानी पेयेनात. ताप आला तं म्हनत, मरीमाय कोपली, गोटा परत आन. त्यानं नाई आनला. हे बौद्धाचं नोहोय तं कोनाचं होय?"

आई बोलतच राहिली, आणि जे बोलली ते मीसुद्धा तोवर पुरतं ऐकलेलं नव्हतं.

आजा गेला तेव्हा भाऊबंदांनी सगळं जुन्या रीतीनं केलं. तोंडात तुळशीपत्र, गंगेचं पाणी, कपाळाला बुक्का. त्याची माती करून आले आणि घरात सुतक बसलं. दसरा आला तेव्हा सुतक फिटलेलं नव्हतं. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून निघाली आणि दारात आईच्या चुलत्यानं आजीला अडवलं: सुतकाच्या घरानं कुठं जायचं नसते. आजी त्याला म्हणाली, "जे सोडाले चाललो त्याचंच सुतक पाळू का?" आणि निघाली. हे वाक्य आई आमच्या लहानपणापासून सांगायची, आम्हाला पाठ होतं. पण पुढचं तिनं त्या दिवशी सांगितलं. आज्यानं दीक्षेसाठी स्वतःला नवं पांढरं धोतर आणि सदरा घेऊन ठेवला होता. आईला पांढरं लुगडं घ्यायला ऐपत नव्हती. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. आजीनं खुंटीवरचं ते कोरं धोतर काढलं आणि पोरीला साडीसारखं नेसवलं.

"माया बापाचं धोतर नेसून म्या दीक्षा घेतली," आई म्हणाली. "मले वाटे, मी नाई, त्यानंच हात जोडले. तिथं साऱ्याच बाया पांढऱ्यात होत्या. त्यात माही माय रांडावली आहे, हे कोनाले समजलंबी नाई. आता सांगा, त्याची दीक्षा नाई झाली काय?"

बैठकीतल्या दोन बायांनी पदर डोळ्याला लावला. सचिवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते तोंडावर दिसत होतं. त्यांना हो म्हणायचं होतं आणि नियम सोडवत नव्हता. मग त्यांनीच वाट काढली.

"मावशी," ते म्हणाले, "धम्म मनानंबी घेता येते. शेवटच्या घडीले मास्तरनं त्रिशरण म्हटलं असन, नुसतं बुद्धाचं नाव घेतलं असन, अन् ते कोनं ऐकलं असन, तं आपन तसा ठराव घेऊन टाकू. कोनाची हरकत राहनार नाई. तुमी होत्या ना त्यायच्या जवळ?"

खोलीभर सगळे आईकडे पाहायला लागले. मी तिच्या खुर्चीला धरून उभी होते. माझ्या मनात एकच: आई, हो म्हण. एवढं हो म्हण आणि सुटलो आपण. सगळे वाटच पाहत होते. सचिवांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

आई म्हणाली, "होती मी जवळ."

"मंग?"

"दुपार होती. माय पानी आनाले गेली होती अन् मी उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. दुसरं कोनी नोहोतं. धोतर अन् सदरा समोरच खुंटीवर होता, तो तिकडेच पाहून राहिला होता. मंग बोलला."

"काय बोलले?"

आईनं जीभ ओठावरून फिरवली. "मरीमाय, म्हने. मरीमाय, मी चुकलो. माया लेकरायले सांभाळजो."

सचिव घाईघाईनं म्हणाले, "तापात होते ना मावशी. तापात मानूस काहीबी बरळते. ते काई त्यायचं बोलनं नोहोय."

"हाव," आई म्हणाली. "मीबी सोताले हेच सांगत आली इतकी वर्सं. मायले नाई सांगितलं, नवऱ्याले नाई सांगितलं. सोताले सांगता येते, गुरुजी. पन तुमी दगडावर लिवासाठी इचारून राहिले."

"मंग काय लिवू मी?" सचिवांनी विचारलं.

"ज्याची जी तारीख, ते लिवा."

परत येताना ऑटोत मी तिच्यावर इतकी भडकले की ऑटोवाला आरशातून पाहायला लागला. काय गरज होती? मी म्हटलं, बुद्धाचं नाव घेतलं म्हणून सांगितलं असतं तर कोण येणार होतं तपासायला? ते बिचारे हातात पेन घेऊन बसले होते. इतके दिवस जे मागितलं ते ताटात वाढून दिलं, आणि तू ताटच सरकवलं! दवाखान्याच्या खेपा, रात्रंदिवस तुझी ती रड, सगळं पाण्यात गेलं. बोलू नये ते बोलले. रागाच्या भरात असंही म्हटलं की तुझ्यामुळंच तो आता कैलासवासी झाला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. वाडीचा नाका आला, गोदामांपुढं ट्रकांची रांग लागलेली, ऑटो अडकला. तेव्हा ती बोलली. "रोज सकाळी मी पंचशील म्हनते. खोटं बोलनार नाई, असंच म्हनते ना वं? बापाले बुद्धाचा कराले खोटं बोलू? मंग तो कशाचा बुद्धाचा?"

मला राग आला होताच. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले.

पुढे पौर्णिमेला शिलालेख उघडायचा होता. आईची तब्येत त्या वेळी इतकी खालावली होती की चार पावलं चालली तरी धाप लागायची. डॉक्टर नको म्हणाले. मीही नको म्हटलं. पण ती ऐकेल तर ना. पांढरी साडी नेसली, माझ्या आणि भाच्याच्या खांद्यावर हात टाकून विहाराच्या पायऱ्या चढली. गर्दी बरीच होती. मंडपात खिरीची पातेली उतरवून ठेवली होती, रांग लागत होती. वंदना झाली, सचिवांनी कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मग आपापल्या आज्याआजींची नावं वाचून लोक खिरीकडे वळले. दगडापाशी आम्ही दोघीच राहिलो.

"वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. उस्ताद, गायक, सुईणबाई. तिघांच्या पुढं कालकथित, सोनेरी रंग भरलेलं. सगळ्यात खाली आजा. सचिवांनी सांगितल्याप्रमाणेच केलं होतं, दुसरं करणार तरी काय. तिला काय दिसतंय, मी मनात म्हटलं, आणि वाचायला सुरुवात केली, "कालक..."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"खरं वाच."

"कै.," मी वाचलं. "कै. मास्तर."

"माया हात लाव तिथं."

मी तिचा हात धरून दगडावर टेकवला. गुळगुळीत ग्रॅनाइट, उन्हानं तापलेला. तिचं बोट त्या अक्षरावर फिरलं, मात्रांवर फिरलं, टिंबापाशी थांबलं. तिला अक्षरओळख तिच्या बापानंच दिलेली. बोट पुढं सरकलं, नावावरून गेलं आणि पुन्हा मागं येऊन त्या अक्षरावर थांबलं.

माझे वडील गेले तेव्हा आई रडली नव्हती. माझा भाऊ गेला तेव्हा तिनं दोन दिवस तोंड भिंतीकडे केलं होतं, पण रडली नव्हती. त्या दिवशी त्या दगडाला कपाळ लावून ती मोठ्यानं रडली, लहान पोर रडते तशी, तोंड उघडं टाकून. "बा," म्हणाली, "बा रे." खिरीच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. सचिव धावत आले आणि दोन पावलांवर थांबले.

"सारे इकडे आहेत," ती मला म्हणाली. "माय इकडे, मी इकडे, उस्ताद, सुईनबाई, सारी वस्ती इकडे. माया बापाले तिकडे एकटं टाकलं वं मी. एकटं टाकलं."

मी तिला धरून उभी राहिले. तिला सांगायला माझ्याजवळ खरं काही नव्हतं, आणि खोटं ती ऐकणार नव्हती.